सर्व्हरवरील विस्तारक-संचांचे व्यवस्थापन आणि मराठी मजकूर : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
अहमदनगर येथून १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले. रोमन लिपीसाठी घडलेल्या मुद्रणतंत्राला देवनागरीकरिता काना, मात्रा व जोडाक्षरांचे स्वतंत्र खिळे जोडावे लागले होते. संगणकाच्या क्षेत्रातही मराठीला अशाच जोडणीवर अवलंबून राहावे लागले. प्रस्तुत लेखात पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या विस्तारकांचा, म्हणजे एक्स्टेन्शनचा, इतिहास या दृष्टीने तपासला आहे.

विस्तारकांचा उदय :
रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या संकेतस्थळासाठी तयार केलेली साधने १९९५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. त्यांतूनच पीएचपी विकसित झाली. झीव सुरास्की व अँडी गुटमन्स यांच्या पुनर्लेखनातून १९९८ मध्ये तिसरी आवृत्ती आली. मूळ भाषेला नव्या क्षमता जोडण्याची सोय हे या आवृत्तीच्या प्रसाराचे एक प्रमुख कारण होय. पर्ल भाषेच्या 'सीपॅन' या संग्रहाची परंपरा समोर असताना १९९९ मध्ये स्टिग बाकेन यांनी 'पेअर' हा प्रकल्प सुरू केला. पुढे सी भाषेत लिहिलेल्या विस्तारकांसाठी 'पिकल' हे स्वतंत्र भांडार झाले.

व्यवस्थापनाचे स्वरूप :
पिकलमधील विस्तारक पारंपरिक पद्धतीने सर्व्हरवर संकलित करावा लागतो, पीएचपीच्या आज्ञावली-फाईलमध्ये त्याची नोंद करावी लागते आणि त्यानंतर सेवा पुन्हा सुरू करावी लागते. तो विशिष्ट आवृत्तीसाठीच संकलित होत असल्याने मूळ भाषेची मुख्य आवृत्ती बदलली की तो नव्याने घडवावा लागतो. पुष्कळदा टर्मिनल व वेब यांच्या आज्ञावली-फाईल वेगळ्या असतात. त्यामुळे एका ठिकाणी चालणारा विस्तारक दुसऱ्या ठिकाणी अनुपस्थित असू शकतो.

मराठीच्या दृष्टीने महत्त्व :
पीएचपी मुळात अक्षरे नव्हे, तर बाइट मोजते. २०२४ मध्ये जिल्ह्याला मिळालेले 'अहिल्यानगर' हे नाव उदाहरणादाखल घेता येईल. यूटीएफ-८ पद्धतीत मूळ भाषेच्या मोजणीने त्याची लांबी ३० भरते, 'एमबीस्ट्रिंग' विस्तारकाने १०, तर 'इन्टल' विस्तारकाने, त्यामागील ग्रंथालयाच्या आवृत्तीनुसार, ७ किंवा ६. विस्तारकाविना हे नाव २० बाइटवर तोडल्यास सातवे चिन्ह अर्धवट राहून मजकूर भ्रष्ट होतो. अनुक्रमाचीही हीच स्थिती आहे. मराठी वर्णमालेचा शेवट ळ, क्ष, ज्ञ यांनी होत असला, तरी केवळ बाइटक्रमाने लावलेल्या सूचीत 'ज्ञानोदय' हे नाव 'जोशी'नंतर व 'झ'पूर्वी येते. भाषेच्या संकेतांनुसार क्रम लावण्याची सोय इन्टलमध्ये आहे. २००९ मधील ५.३ या आवृत्तीपासून तो मूळ संचासोबत दिला जातो. युनिकोड भाषेच्या गाभ्यातच आणू पाहणारा पीएचपी ६ प्रकल्प २०१० मध्ये सोडून देण्यात आला. परिणामी देवनागरीचा भार विस्तारकांवरच राहिला.

विस्तारक कायमचे नसतात, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. जुना 'मायएसक्यूएल' विस्तारक २०१३ मध्ये त्याज्य ठरवण्यात आला आणि २०१५ मधील सातव्या आवृत्तीतून वगळण्यात आला. त्यावर उभी असलेली संकेतस्थळे दुरुस्तीशिवाय नव्या सर्व्हरवर चालू शकत नाहीत. जुन्या आवृत्तीवर राहावे, तर ५.६ चे सुरक्षा-साहाय्यही २०१८ अखेर संपले. पिकलची जागा घेण्यासाठी 'पाय' हे नवे साधन आले असून त्याची पहिली स्थिर आवृत्ती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली.

निष्कर्ष :
१. पीएचपीमध्ये मराठी मजकुराची शुद्धता मूळ भाषेइतकीच तिच्या विस्तारकांवर अवलंबून आहे.
२. विस्तारकांची देखभाल केवळ तांत्रिक बाब नसून ती दस्तऐवज-जतनाचा भाग आहे. सूचीतील नाव तुटले किंवा भलत्या जागी गेले, तर ग्रंथ कपाटात असूनही वाचकाला सापडत नाही.
३. ग्रंथालयातील दाखल नोंदवहीप्रमाणे महाविद्यालयांनी सर्व्हरवरील विस्तारकाचे नाव, आवृत्ती, दिनांक व प्रयोजन यांची नोंदवही ठेवावी. संबंधित कर्मचारी बदलून गेला, तरी संस्थेची स्मृती त्यायोगे टिकून राहील.