'पाकीजा', 'बेईमान' आणि नाकारलेली बाहुली

आमच्या मामूंनी 'पाकीजा' सात वेळा पाहिला होता. दर ईदेला हा आकडा एकाने वाढत असे, तो भाग वेगळा. शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्या, पानाचा डबा फिरू लागला की मामूंचा विषय ठरलेला. "बेटा, 'पाकीजा' हरला आणि 'बेईमान' जिंकला. आपला सिनेमा होता ना, म्हणून!" सगळे माना डोलवीत. 'पाकीजा' म्हणजे पवित्र आणि 'बेईमान' म्हणजे बेईमान. या दोन नावांतच साऱ्या खटल्याचा निकाल लागलेला असे. आम्हीही लहानपणी तो निकाल बिनतक्रार मान्य केला होता. पुढे बी.एड. केले, उर्दू शाळेत इतिहास शिकवू लागलो. मुलांना ऊठसूट "पुरावा काय?" असे विचारायची सवय लागली आणि एक दिवस ती मामूंच्या वाक्यावरच उलटली.

खटला आहे 1973 सालच्या फिल्मफेअर पुरस्कारांचा. आदल्या वर्षीच्या चित्रपटांमधून निवड व्हायची होती. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला सोहनलाल कंवर यांचा 'बेईमान'. दिग्दर्शनाचा पुरस्कार कंवर यांना, अभिनयाचा मनोजकुमार यांना, साहाय्यक अभिनेत्याचा प्राण यांना, संगीताचा शंकर-जयकिशन यांना, गीतलेखनाचा वर्मा मलिक यांना आणि गायनाचा मुकेश यांना मिळाला. एका चित्रपटाला सात बाहुल्या! 'पाकीजा'च्या वाट्याला एकच आली, कलादिग्दर्शनाची. ती मिळाली एन. बी. कुलकर्णी यांना. मामूंच्या कथेत हे कुलकर्णी कधीच आले नाहीत. लखनौचे ते कोठे, त्या कमानी, ती झुंबरे ज्यांनी उभी केली त्यांचे आडनाव कुलकर्णी होते, हे आम्हांला वयाच्या तिशीत कळले.

'पाकीजा'ची जन्मकथा वाचकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. कमाल अमरोहींनी 1956च्या सुमारास काम सुरू केले. 1964 साली अमरोही आणि मीनाकुमारी वेगळे झाले आणि चित्रीकरण थांबले. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा 1969 साल उजाडले होते. मधल्या काळात छायालेखक जोसेफ विर्शिंग 1967 साली गेले. हा जर्मन माणूस बॉम्बे टॉकीजच्या दिवसांपासून मुंबईत राहिला होता. मग 17 मार्च 1968 रोजी संगीतकार गुलाम मोहम्मद गेले. 4 फेब्रुवारी 1972 रोजी मराठा मंदिरात चित्रपट झळकला आणि 31 मार्चला मीनाकुमारीही गेल्या. माझगावच्या रहमताबाद कब्रस्तानात त्यांचे दफन झाले. पुरस्काराच्या नामांकनांत 'पाकीजा'ची नावे आली तेव्हा त्यांतली दोन मरहूम होती. मीनाकुमारींच्या जागी 'सीता और गीता'साठी हेमामालिनी यांना अभिनेत्रीचा मान मिळाला. त्याबद्दल आम्ही भांडणार नाही; दुहेरी भूमिका त्यांनी झोकात केली होती आणि मीनाकुमारींच्या घरी अशा चार बाहुल्या आधीच होत्या.

भांडण आहे ते गुलाम मोहम्मद यांच्यासाठी.

हा बिकानेरचा माणूस. तबला आणि ढोलक यांवर हात बसलेला. कितीतरी वर्षे नौशाद यांचा साहाय्यक म्हणून राबला. नौशादांच्या त्या काळच्या गाण्यांतला ताल ऐकताना त्यामागे कोणाचे हात आहेत हे जाणकारांना माहीत असे, आम जनतेला नव्हे. स्वतंत्रपणे 'परदेस', 'अंबर', 'दिल-ए-नादान', 'लैला मजनू' असे चित्रपट केले. सोहराब मोदींच्या 'मिर्झा गालिब'ला त्यांनी संगीत दिले. त्या चित्रपटाला 1954 सालचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. शाळेत गालिबची गजल शिकवताना आम्ही आजही आधी ती चाल ऐकवतो आणि मग अर्थ सांगतो. पण पदकामुळे संगीतकाराचे नशीब काही फिरले नाही. हातात कामे कमी होत गेली. 'पाकीजा'ची गाणी बांधली, ध्वनिमुद्रित झाली आणि चित्रपट रखडला. शेवटचे दिवस ओढगस्तीत गेले. राहिलेले पार्श्वसंगीत नौशाद यांनी पुरे केले, म्हणजे आयुष्यभर ज्या साहाय्यकाने उस्तादाला हात दिला, त्याला शेवटी उस्तादाने हात दिला. जमाना बदलला, आता नव्या चालीचा संगीतकार घ्या, असा सल्ला अमरोहींना अनेकांनी दिला आणि त्यांनी तो मानला नाही, असे सांगतात. 1972 साली गाणी गावोगाव घुमू लागली तेव्हा त्यांचा कर्ता चार वर्षांपूर्वीच मातीआड झाला होता.

आता मामूंच्या वाक्याकडे वळू. 'आपला सिनेमा म्हणून' डावलला का? आम्ही जुन्या याद्या काढून बसलो. फिल्मफेअर पुरस्कारांची सुरुवात 1954 साली झाली. त्या वर्षी अवघे पाच पुरस्कार होते. चित्रपट आणि दिग्दर्शन हे दोन 'दो बिघा जमीन' आणि बिमल रॉय यांना मिळाले. उरलेले तीन गेले दिलीपकुमार, मीनाकुमारी आणि नौशाद यांच्याकडे. म्हणजे युसुफखान, महजबीन बानो आणि नौशाद अली! 1961 साली सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला 'मुगल-ए-आजम', संवादांचा मानही त्यालाच मिळाला. गीतलेखनासाठी शकील बदायुनी आणि गायनासाठी मोहम्मद रफी, दोघेही 'चौदहवीं का चाँद'साठी. पण त्याच वर्षी नौशाद यांच्या 'मुगल-ए-आजम'च्या संगीताला मागे टाकून शंकर-जयकिशन यांच्या 'दिल अपना और प्रीत पराई'ला बाहुली मिळाली. नौशादांना ती 1954 नंतर पुन्हा कधीच मिळाली नाही. ही यादी समोर ठेवल्यावर धर्माचा आरोप टिकत नाही. आमच्या लोकांना आपल्यावर झालेला प्रत्येक अन्याय आपल्या नावामुळेच झाला असे वाटू लागले आहे. कधी कधी ते खरेही असते, म्हणूनच जिथे खरे नाही तिथे तसे म्हणू नये.

मग काय झाले असेल? एक कारण आम्हांला असे दिसते की, या पुरस्काराचा पाया वाचकांच्या कौलावर घातलेला होता. वाचक कोण? तर 1952 साली सुरू झालेल्या एका इंग्रजी पाक्षिकाचा. 'पाकीजा'च्या संवादांतली उर्दू ज्यांच्या कानाला गोड लागली, ज्या बाया बुरखे सावरत दुपारच्या खेळाला रांगा लावत आणि डोळे पुसत बाहेर पडत, त्यांच्या घरी ते पाक्षिक येत नव्हते. मामूंनी सात वेळा तिकीट काढले, पण त्यांना मत कोणी विचारले नाही. दुसरे कारण त्या सालातच आहे. 1972 हे आपल्याकडे दुष्काळाचे वर्ष. मिलो आणि सुकडी खाल्लेली माणसे अजून आहेत. महागाई, काळाबाजार, लाचखोरी यांनी सगळेच वैतागले होते, इंग्रजी वाचणारेही. अशा वेळी बेईमानीचाच जयजयकार करणारे उपरोधिक गाणे लोकांना आपलेसे वाटले यात नवल नाही. पण त्या गाण्याने संगीताची बाहुली 'पाकीजा'कडून घ्यावी, हे कान असलेल्या माणसाला पटणे कठीण.

मरहूमांना कोण विचारतो, असेही म्हणावे तर तेही पुरते खरे नाही. शंकर-जयकिशन यांतले जयकिशन सप्टेंबर 1971 मध्ये वारले होते. 'बेईमान'ची बाहुली ज्या जोडनावाला मिळाली, त्यातही एक मरहूम होताच. फरक इतकाच की त्या नावाचा दबदबा चालू होता. 1971, 1972 आणि 1973 अशी सलग तीन वर्षे बाहुली त्याच नावाला गेली. गुलाम मोहम्मद यांच्या नावाला दबदबा हयातीतही नव्हता.

बाहुली पैशाने घेतली गेली का, असा प्रश्न हल्ली हमखास येतो. ऋषी कपूर यांनी 2017 साली आत्मचरित्रात कबूल केले की, 'बॉबी'साठीचा आपला पुरस्कार तीस हजार रुपये मोजून मिळवलेला होता. तो 1974चा, म्हणजे लगेच पुढच्या वर्षीचा. पण एका वर्षाच्या कबुलीवरून आदल्या वर्षीच्या माणसांना गुन्हेगार ठरवता येणार नाही. नववीतला मुलगाही हे समजतो. निदान आम्ही तशी खटपट करतो.

आणि आता प्राण. दिल्लीच्या बल्लीमारानमध्ये जन्मलेला हा पंजाबी हिंदू. पडद्यावर इतकी वर्षे खलनायक केला की लोक मुलांना ते नाव ठेवीनात. 'बेईमान'मधल्या पोलिसाच्या भूमिकेसाठी त्यांना बाहुली जाहीर झाली आणि त्यांनी ती नाकारली. का, तर संगीताचा मान 'पाकीजा'साठी गुलाम मोहम्मद यांना मिळायला हवा होता. ज्या चित्रपटाने सात बाहुल्या जिंकल्या तो प्राण यांचा स्वतःचा, नायक मनोजकुमार हे त्यांचे जुने सोबती. मनोजकुमार यांच्याच 'उपकार'ने त्यांना खलनायकीतून बाहेर काढले होते. आपल्याच मंडळींच्या विजयाच्या दिवशी, पाच वर्षांपूर्वी गेलेल्या आणि ज्याच्याकडून काहीही परतफेड होणार नव्हती अशा माणसासाठी त्यांनी हे केले. या पुरस्कारांशी भांडण त्याआधीही झाले होते. 1957 साली लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकांना पुरस्कार नाही म्हणून समारंभात गायला नकार दिला होता आणि दोन वर्षांनी तो पुरस्कार सुरू झाला. ते भांडण आपल्या पेशाच्या हक्कासाठी होते, योग्यच होते. प्राण यांना तर स्वतःसाठी काहीच मागायचे नव्हते.

गेल्या ईदेला हे सगळे आम्ही मामूंना सांगितले. ते आता ऐंशीच्या घरात आहेत, ऐकायला कमी येते. प्राण यांचा भाग दोनदा सांगावा लागला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे इन्साफाची गोष्ट त्या बदमाशाने केली होय?" आणि हसले. 'आपला सिनेमा' हे शब्द मात्र त्यांनी मागे घेतले नाहीत. आम्हीही आग्रह धरला नाही. चित्रपट त्यांचा होताच, जसा तो कुलकर्णींचा होता.

गुलाम मोहम्मद यांनी 'पाकीजा'साठी बांधलेली, पण चित्रपटात न आलेली गाणी 1977 साली 'पाकीजा रंग बरंग' या नावाने ध्वनिमुद्रिकेवर आली. 1973च्या विजेत्यांच्या याद्यांत साहाय्यक अभिनेता म्हणून प्राण यांचे नाव अजूनही छापलेले असते.