'बिली जीन' : उजळलेली फरशी आणि बंद दार

मायकल जॅक्सनच्या 'बिली जीन' या गाण्याची चित्रफीत आज गोड आठवणींचा विषय झाली आहे. 'काय दिवस होते ते!' असे म्हणत पन्नाशी ओलांडलेली माणसे ती पुन्हा पाहतात, मुलांना दाखवतात. आठवणीत रमायला हरकत नाही. पण शोषितांचा इतिहास तपासणाऱ्याने एक प्रश्न विचारलाच पाहिजे : ही चित्रफीत पडद्यावर पोहोचली कशी?

चित्रफीत १९८३ सालची. दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन. रात्रीच्या ओसाड रस्त्यावरून एक सडपातळ काळा तरुण चालत येतो. त्याचे पाऊल जिथे पडते तिथली फरशी उजळते. एक गुप्तहेर फोटो काढायला त्याच्या मागावर आहे. पण फोटोत तो उमटतच नाही. शेवटी पोलीस पाठलाग करणाऱ्यालाच पकडून नेतात.

अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही अहोरात्र गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारी वाहिनी सुरू झाली. ब्लूज, जॅझ, रॉक अँड रोल या साऱ्यांचा पाया काळ्यांनी घातलेला. या वाहिनीवर मात्र काळे चेहरे अगदी मोजके. विचारले तर उत्तर तयार : आमची वाहिनी रॉक संगीताची; आम्ही रंग पाहत नाही, संगीताचा प्रकार पाहतो. 'आम्ही जात पाहत नाही, गुणवत्ता पाहतो' हे वाक्य ज्यांनी जन्मभर ऐकले, त्यांना या उत्तराचा अर्थ वेगळा सांगायला नको.

रिक जेम्स या काळ्या गायकाने आपली चित्रफीत नाकारली गेल्यावर वाहिनीवर वंशभेदाचा उघड आरोप केला. १९८३ मध्ये डेव्हिड बोवी या गोऱ्या गायकाने वाहिनीच्याच मुलाखतीत निवेदकाला विचारले, इथे काळे कलावंत इतके कमी का? लहान गावांतले प्रेक्षक बिचकतील, असा उत्तराचा आशय होता. प्रस्थापितांचा हा जुनाच रिवाज. भेद आपण पाळायचा आणि दोष 'लोकां'वर ढकलायचा.

या भेदाला परंपराही होती. १९२० नंतर काळ्यांच्या ध्वनिमुद्रिका 'रेस रेकॉर्ड्स' या वेगळ्या नावाने विकल्या जात. 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने १९४९ मध्ये आपल्या यादीचे नाव बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केले. नाव बदलले, पाणवठा वेगळाच राहिला.

मार्च १९८३ मध्ये एमटीव्ही 'बिली जीन' दाखवू लागली. तेव्हा गाणे लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते. तिथे ते सात आठवडे राहिले. ही चित्रफीत दाखवली नाही, तर आपल्या साऱ्या कलावंतांच्या चित्रफिती काढून घेऊ, अशी धमकी दिल्याचे सीबीएस रेकॉर्ड्सचे प्रमुख वॉल्टर येटनिकॉफ यांनी सांगितले. वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी ते नाकारले. खरे काहीही असो, दार हृदयपरिवर्तनाने उघडलेले नाही. काळ्यांचा निषेध आणि बाजाराचा हिशेब यांनी ते उघडायला लावले. जॅक्सन तिथे दिसलेला पहिला काळा कलावंत होता, ही समजूतही चुकीची आहे. म्युझिकल यूथ हा ब्रिटनमधील काळ्या मुलांचा संच त्याआधी दिसला होता. आणि रॅप संगीताला तिथे स्वतंत्र कार्यक्रम मिळायला १९८८ साल उजाडावे लागले.

जॅक्सनचा देव्हारा आम्हांला मांडायचा नाही. पुढे त्याच्यावर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले. २००५ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, तरी २००९ मधील त्याच्या मृत्यूनंतरही आरोप थांबले नाहीत. प्रश्न व्यक्तीचा नाही, दाराचा आहे.

ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तेव्हापासून काळ्यांचे दुःख आपल्याला परके राहिलेले नाही. म्हणूनच ती उजळणारी फरशी पाहताना आपल्याला वेगळे काही आठवते. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याला आपले पाऊल पडलेली धूळ झाडण्यासाठी कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नोंदवले आहे. पावलाची खूण पुसण्याचा तो हुकूम होता.

आज तो झाडू कमरेला नाही; पण संघर्ष गाळून फक्त गोडवा ठेवणारी आठवण त्याच झाडूचे काम करते. तमाशाची लावणी मिरवायची आणि तो जगवणाऱ्या महार, मांग, कोल्हाटी कलावंतांना विसरायचे, हे आपल्याकडेही घडलेच आहे. म्हणून विद्यार्थ्यांना ही चित्रफीत जरूर दाखवावी. पण दाखवताना त्यांना बंद दाराचा इतिहासही सांगावा. फरशीवर पडलेला उजेड सर्वांना दिसतो. त्या फरशीपर्यंतची वाट आपणच दाखवली पाहिजे.