पोटाची खिडकी

फराळाचे ताट पुढे आलेले असताना पचनाची गोष्ट काढणारा पाहुणा कोणालाच आवडत नाही. तरीही एका गरीब नावाड्याच्या जठराची ही हकिकत याच दिवसांत सांगण्याजोगी आहे.

६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर, केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या दुकानात, चुकून बंदूक उडाली आणि अलेक्सिस सेंट मार्टिन या फ्रेंच-कॅनेडियन नावाड्याच्या बरगड्यांखाली भगदाड पडले. हा जगेल असे लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनाही वाटले नव्हते. तो जगला, पण जखम भरताना जठराची कड कातडीला चिकटली आणि भोक कायमचे राहिले. पोटात डोकावण्याची खिडकीच म्हणा ना!

अन्न पोटात दळले जाते, कुजते की शिजते, यावर तेव्हा पंडितांचे वाद चालत. ब्यूमाँट यांनी १ ऑगस्ट १८२५ रोजी भर दुपारी १२ वाजता रेशमी दोऱ्याला मांसाचे तुकडे, शिळा पाव आणि कच्चा कोबी बांधून सरळ आत सोडले. तासाभराने ओढून पाहतात तो कोबी आणि पाव निम्मे विरघळलेले, मांस जसेच्या तसे! पुढे पाचक रस बाहेर काढून, कुपीत ऊबदार ठेवूनही त्यांनी अन्न विरघळवून दाखवले. दोनशेंहून अधिक प्रयोगांचा त्यांचा ग्रंथ १८३३ साली निघाला. त्यातल्या कोष्टकात शिजवलेल्या भाताला एक तास आणि भाजलेल्या डुकराच्या मांसाला सव्वापाच तास लागल्याची नोंद आहे. (आपल्या चकलीला त्या कोष्टकात जागा मिळाली नाही, हे तिचे भाग्य.)

रिकाम्या पोटी हा रस साठून राहत नाही. अन्न आले की झिरपतो, आणि तोही बेताचाच. जास्तीचे अन्न तसेच पडून राहते. अलेक्सिस रागावला की पचन बिघडे. खाण्यापिण्याचा अतिरेक झाला की जठराच्या अस्तरावर लाल चट्टे दिसत. आणि त्याची स्वतःची मात्र फारशी तक्रार नसे! पुढे पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवर दाखवून दिले की घास जठरात पोचला नाही तरी खाण्याच्या नुसत्या गोडीने रस सुटतो. पचनावरील कामासाठी त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अलेक्सिसला काय मिळाले? १८३२ च्या करारान्वये वर्षाला १५० डॉलर, अन्नवस्त्र, आणि डॉक्टरांच्या घरची लाकडे फोडण्याचे काम. तो एकदा न सांगता निघून गेला, परत आला आणि १८३४ मध्ये गेला तो कायमचाच. मिनतवाऱ्यांची पत्रे येत राहिली, तो फिरकला नाही. ब्यूमाँट १८५३ मध्ये वारले. अलेक्सिस १८८० पर्यंत जगला. त्याचे जठर डॉक्टरांच्या हाती लागू नये म्हणून घरच्यांनी प्रेत कुजेपर्यंत ठेवले आणि मग खूप खोल पुरले.