वंशावळ कुणाला लागते?

'आमचे घराणे राजाचे' म्हणत वंशावळी मिरवणारे आज गल्लोगल्ली भेटतात. युरोपातही हेच झाले. ऑस्ट्रियाच्या रुडॉल्फ चौथ्याने 1358-59 मध्ये घराण्याचा मान वाढवण्यासाठी सीझर आणि नीरोच्या नावाची बनावट पत्रे तयार करवली.

आपल्या नगरचे पाहा. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद. इतिहासकार फेरिश्ता लिहितो, त्याचे वडील जन्माने ब्राह्मण, पूर्वज पाथरीचे कुलकर्णी. अहमदचा मुलगा बुऱ्हाण याने पाथरी जिंकली आणि ब्राह्मण नातलगांना इनाम दिली. धर्म बदलला, तख्त मिळाले, पण जातीचे नाते सुटले नाही!

1600 साली मोगलांनी नगरचा किल्ला घेतला. बुडती निजामशाही पुढे 1626 पर्यंत कुणी तारली? इथिओपियात जन्मलेल्या, गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबरने. तख्तावर वंशावळवाले, राज्य चालवणारा मात्र बिनवंशावळीचा!

बाबासाहेबांच्या संविधानाने कलम 18 द्वारे किताब रद्द केले, 1971 च्या 26 व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखेही गेले. मग आपण कुठल्या राजाचे वंशज, हे शोधत का बसायचे? आपली ओळख आपल्या कामातून घडवू.

जय भीम!