घरचा वाय-फाय राउटर : जोडणी आणि काळजी

फायबरमधून आलेलं इंटरनेट घरभर पसरवतो तो राउटर. तो कपाटात किंवा टीव्हीमागे न ठेवता घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवावा. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल जाड भिंतींपलीकडेही पोहोचतो. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण जवळपुरताच.

जोडणी झाली की राउटरच्या स्टिकरवरचा पत्ता (बऱ्याचदा १९२.१६८.१.१) ब्राउझरमध्ये टाकून वाय-फायचा आणि सेटिंगचा, दोन्ही पासवर्ड बदलावेत. कनेक्शन आपल्या नावावर असतं; कुणी त्यावरून गैरप्रकार केला, तर चौकशी आपल्याच दारात येते.

‘एलओएस’चा लाल दिवा लागला म्हणजे फायबरमधून सिग्नलच येत नाही; कंपनीला कळवावं. रीसेटचं बटण मात्र दाबून धरू नये. सगळी सेटिंग पुसली जाते. मग लाइन दुरुस्त झाली तरी नेट चालू होईलच असं नाही.