मुदतीची चार वर्षे



ज्या टेकडीच्या पायथ्याशी आपण जमलो आहो, ती वाट पाहण्याबद्दलच प्रसिद्ध आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कालिदासाचा रामगिरी म्हणजे आपले रामटेकच, असे साधार प्रतिपादन केले. तेव्हापासून मेघदूतातला यक्ष आम्हां रामटेककरांना घरच्या माणसासारखा वाटतो. त्या यक्षाची एक गोष्ट आमच्यासारख्या कामगार-कार्यकर्त्याच्या चटकन ध्यानात येते. त्याच्या शापाला मुदत होती. शाप एका वर्षाचा, आणि त्यातले चार महिने उरलेले. मुदत ठाऊक असली म्हणजे माणूस दिवस मोजतो, निरोप धाडतो, धीर धरतो. ज्याला मुदतच कोणी सांगितली नाही, त्याचे हाल यक्षाहून वाईट.

आज आम्हांला बोलायचे आहे ते अशाच वाट पाहणाऱ्यांविषयी. आपल्या तालुक्यातली मुलेमुली पदवी मिळाल्यावर पुढच्या शिक्षणासाठी दूरदूरच्या विद्यापीठांकडे अर्ज करतात, कोणी तर सातासमुद्रापलीकडे. अर्ज जातो थंडीत, निर्णय येतो उन्हाळा लागता लागता. मधल्या महिन्यांत घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मनसर-कांद्रीच्या मँगनीज खाणींतल्या कामगारांत आमचे आयुष्य गेले. त्यांची मुले आमच्याकडे येतात आणि म्हणतात, ‘काका, अर्ज एकदा वाचून द्या.’ आमचे शिक्षण शाळेतच थांबले. पुढचे जे झाले ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. विद्यापीठ आम्ही आतून पाहिलेले नाही. परंतु मागणीपत्र लिहावे, ते पुढे पाठवावे आणि निवाडा येईपर्यंत चूल विझू देऊ नये, हे काम आम्ही नित्य करीत आलो. म्हणून ह्या प्रश्नाचा इतिहास आम्ही त्याच नजरेने वाचला, आणि वाचता वाचता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९१३ ते १९२३ ह्या दहा वर्षांपाशी थांबलो. बाबासाहेबांची विद्वत्ता सर्वांना ठाऊक आहे. त्या विद्वत्तेच्या मागे किती अर्ज, किती मुदती आणि किती खोळंबे होते, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

१९१३ च्या जानेवारीत ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, आणि अवघ्या काही दिवसांत वडील आजारी असल्याची तार आल्यामुळे मुंबईस परतले. २ फेब्रुवारीला रामजी सुभेदार वारले. घरात तरुण पत्नी रमाबाई, आणि यशवंत दोन महिन्यांचाही नाही. अशा वेळी महाराज सयाजीराव गायकवाड काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवणार असल्याचे कळले. भीमरावांची निवड झाली. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची. ४ जून १९१३ रोजी करारनामा झाला: शिक्षण संपताच दहा वर्षे संस्थानची चाकरी करावी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले.

करारनाम्याचे हे कलम आम्ही मुद्दाम सांगतो. शिष्यवृत्ती म्हटली की लोकांना दान आठवते. तो करार होता, आणि त्यात दोन्ही बाजूंची कलमे होती. सयाजीरावांचे औदार्य याने तिळभरही उणे होत नाही. पण करारावर सही करणाऱ्या बावीस वर्षांच्या तरुणाने आपली पुढची दहा वर्षे तारण ठेवली होती, हेही विसरता कामा नये.

कोलंबियात १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. पुढच्या वर्षी त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे मोहरा वळवला. १९१६ च्या ऑक्टोबरात नाव दाखल झाले. फी दहा पौंड दहा शिलिंग. बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही नाव घातले. आणि वर्ष पुरे होते न होते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली, बडोद्याचे बोलावणे आले. अभ्यास अर्धा, प्रबंध अर्धा.

येथे त्यांनी जे केले ते प्रत्येक अर्जदाराने ध्यानात ठेवावे. निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून लेखी परवानगी मिळवली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल. दार बंद होऊ दिले नाही. ते किती काळ उघडे राहील, हे ठरवून घेतले. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत उतरले. युद्धाचे दिवस होते. त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती. ती बोट पाणतीर लागून बुडाली. बडोद्यात कचेरीत शिवाशीव, राहायला घर नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. दहा वर्षांच्या चाकरीचा करार जातीने मोडला.

आता हातात उरली ती चार वर्षांची मुदत, आणि ती रोज एका दिवसाने कमी होत होती. लंडनला जायचे तर पैसा हवा. पैसा हवा तर नोकरी हवी. नोकरीला जात आडवी येते. शिकवण्या केल्या. शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याचा धंदा मांडला. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले. अखेर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनेहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली, पगार दरमहा साडेचारशे. कुटुंब परळच्या चाळीत राहत होते. पगारातला एक भाग रमाबाईंच्या हाती संसाराला, बाकीचा लंडनसाठी शिल्लक.

वाट पाहण्याचा हा काळ त्यांनी कसा घालवला, ते पाहा. १९१८ मध्ये हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर निबंध प्रसिद्ध केला. जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराच्या प्रश्नावर साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला. मार्चमध्ये कॉलेजची जागा सोडली, माणगावची परिषद झाली. आणि मे महिन्याच्या अखेरीस आपल्या नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली जी बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद भरली, तीत ते होते. जुलैत ते लंडनच्या बोटीवर चढले. साठवलेला पैसा, शाहू महाराजांचे साह्य, आणि नवल भथेना ह्या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढी शिदोरी. चार वर्षांपैकी एक वर्षाहून अधिक अजून हातात शिल्लक होते.

कोलंबियाचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना शिफारसपत्र लिहिले. फॉक्सवेलनी संस्थेच्या चिटणीसबाईंना कळवले ते मोठे गमतीचे आहे: ह्या गृहस्थांची डॉक्टरेट झालेलीच आहे, तेव्हा इथे मिळवण्यासारखे त्यांना काही उरलेले नाही. वास्तविक कोलंबियाची पीएच.डी. त्यांना रीतसर मिळाली १९२७ मध्ये, प्रबंध छापून झाल्यावर! एवढ्या थोरामोठ्यांतही अर्जदाराच्या कागदाविषयी असे गैरसमज होतात. बाबासाहेबांनी तरीही अर्ज केला. फी आता अकरा पौंड अकरा शिलिंग झाली होती. १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी. एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला.

आणि मार्च १९२३ मध्ये निर्णय आला: प्रबंध आहे तसा स्वीकारता येत नाही. हातचा पैसा संपला होता. ते एप्रिलमध्ये मुंबईस परतले, आणि इथूनच प्रबंध दुरुस्त करून ऑगस्टमध्ये पुन्हा पाठवला. पत्र बोटीने जायचे, उत्तर बोटीने यायचे. त्या महिन्यांत ते हायकोर्टात वकिलीसाठी दाखल झाले. नोव्हेंबरात प्रबंध स्वीकारला गेला. नकाराला त्यांनी शेवटचा निवाडा मानले नाही. त्यात कोणती दुरुस्ती मागितली आहे, एवढेच पाहिले.

आता ह्या हिशेबातली एक बाजू राहिली. ही सारी मुदत पाळली कोणी? लंडनच्या ग्रंथालयात बाबासाहेब दिवसभर वाचीत बसत, तेव्हा परळच्या चाळीत महिना पुरा करायचे काम रमाबाई करीत होत्या. त्यांनी कोणताही अर्ज केला नव्हता, त्यांच्या नावे कोणतेही पत्र येणार नव्हते. तरी थांबायचे सर्वात जड ओझे त्यांच्याच डोक्यावर होते. संपाच्या दिवसांत आम्ही हेच पाहत आलो. भाषणे आम्ही करतो, वाण्याकडे उधारी मागायला घरातली बाई जाते. कोणाच्या उच्च शिक्षणाचा इतिहास लिहाल तेव्हा प्रतीक्षेच्या महिन्यांचे धान्य कोणी भरले, हे लिहिल्याशिवाय तो पुरा होत नाही.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांची गोष्ट अलौकिक; सामान्य मुलाने त्यातून काय घ्यावे? आमचे म्हणणे उलट आहे. त्यांची बुद्धी अलौकिक होती, अडचणी मात्र अगदी लौकिक होत्या: फी, भाडे, शिफारस, तारीख. आणि ह्या अडचणी माणसांनी निर्माण केलेल्या असल्यामुळे माणसांनाच दूर करता येतात, हे ते स्वतः जाणून होते. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर मजूर खात्याचे सभासद झाल्यावर त्यांनी त्याच वर्षी दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. स्वतंत्र भारताची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. एका महाराजाच्या मर्जीवर जे अवलंबून होते ते सरकारच्या योजनेत आले, ही मोठीच मजल.

परंतु मुदतीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. २०२५ साली ह्याच शिष्यवृत्तीसाठी १०६ विद्यार्थ्यांची निवड झाली, आणि आरंभी पत्रे मिळाली ४० जणांना. बाकीच्यांना सांगण्यात आले की पैसा उपलब्ध झाल्यास पाहू. विद्यापीठ प्रवेश देते, त्याची तारीख ठरलेली. पैसा देणाऱ्याची तारीख ठरलेली नाही. ह्या दोन तारखांच्या मध्ये सापडलेल्या मुलाने काय करावे? ह्याच्या उलट एक उदाहरण अमेरिकेतले. तेथल्या शेकडो विद्यापीठांनी आपसांत ठराव केला आहे, की ज्याला प्रवेशाबरोबर आर्थिक साह्य देऊ केले, त्याच्याकडून १५ एप्रिलच्या आत होकार-नकार मागायचा नाही. घाई करून विद्यार्थ्याला कोंडीत पकडायचे नाही, म्हणून हे बंधन विद्यापीठांनी स्वतःवर घातले. युनियनमध्ये आम्ही ज्याला सामुदायिक करार म्हणतो, तसाच हा प्रकार. एकटा अर्जदार असे बंधन कधीच घालू शकला नसता.

तेव्हा आमचे सांगणे तीन गोष्टींचे. अर्ज करणाऱ्या मुलांनो, कागदाची नक्कल ठेवा, मुदत लेखी मागा, आणि वाट पाहण्याच्या महिन्यांत आपले वाचन व पोटापाण्याचे काम थांबवू नका. आईबापांनो, पोराला रोज ‘काय झाले?’ म्हणून विचारू नका; त्याला कळले की ते सांगेलच. आणि निर्णय देणाऱ्यांना आमचे मागणे: प्रवेश द्या वा नाकारा, शिष्यवृत्ती द्या वा नाकारा, पण कोणत्या दिवशी सांगणार, ते आधी जाहीर करा आणि तो दिवस पाळा.

चौथी गोष्ट आपल्या गावाची. अर्जाची फी, परीक्षेचा प्रवास आणि मधल्या महिन्यांचा खर्च, एवढ्यासाठी रामटेकात एक छोटा निधी उभा राहावा. खाणीतला माणूस महिन्याला दहा रुपये टाकील, हे आम्ही अनुभवाने सांगतो. बाजारपेठेतील मंडळींनी किती टाकायचे, ते त्यांनी आज येथून उठण्यापूर्वी ठरवावे.