गाऱ्हाण्याची प्रार्थना

चंदनसार परिसरातील एका घरी आम्ही सांत्वनासाठी गेलो होतो. कर्ता मुलगा जाऊन महिना झाला होता. अल्तारावर मेणबत्ती लावली गेली, रोझरी झाली, मृतांसाठी विनवणी झाली. सारे यथासांग पार पडले. कुणाच्या डोळ्यांत पाणी नव्हते, कुणाचा आवाज कापला नाही. निघताना त्या मुलाची आई आम्हांला दारापर्यंत पोचवायला आली आणि हळूच म्हणाली, ‘‘फादर, देवावर रागावलं तर पाप लागतं का?’’

उभ्याउभ्या आम्ही जे उत्तर दिले, ते अपुरे होते. अर्धा तास आम्ही त्या घरात प्रार्थना केली, परंतु त्या माउलीची खरी प्रार्थना उंबरठ्यावर आणि तीही कुजबुजत झाली, ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली. आपल्या पूर्वजांनी आपले दुःख, भय आणि संताप देवापुढे कसा नेला, याचा शोध आम्ही तेव्हापासून घेऊ लागलो. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

प्रारंभ पवित्र शास्त्रापासून केला पाहिजे. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. स्तुतिगीतांचा ग्रंथ म्हणून आपण ज्याचा गौरव करतो, त्यात एवढे अश्रू आहेत हे आपल्या सहसा ध्यानी येत नाही. बहुतेक विलापस्तोत्रांची चाल ठरलेली असते. प्रथम देवाला हाक, मग गाऱ्हाणे, मग मागणे आणि अखेरीस विश्वासाचा उच्चार. परंतु ८८ वे स्तोत्र असे आहे की त्याला शेवटपर्यंत पहाट होत नाही. ते अंधारातच संपते. इस्राएलच्या धर्मवृद्धांनी त्याला समाधानकारक शेवट जोडला नाही, की ते ग्रंथातून गाळलेही नाही. प्रभू येशूने क्रुसावर २२ व्या स्तोत्राच्या आरंभीचा आक्रोश आपल्या मुखी घेतला. देवाच्या पुत्राला जे शब्द वर्ज्य वाटले नाहीत, ते आपल्याला कसे वर्ज्य असतील?

हे सारे एकट्यादुकट्या भक्ताचेच आहे असे मात्र नाही. शास्त्रातील कितीतरी विलाप घराच्या चार भिंतींत जन्मलेले आहेत. हन्नेची कथा पाहा. एलकाना आपल्या कुटुंबासह दरवर्षी शिलो येथे उपासनेला जात असे. सण साऱ्या घराचा होता, परंतु सवत पनिन्ना वांझपणावरून टोचत राही आणि हन्नेला घास गिळवत नसे. ‘मी तुला दहा मुलांपेक्षा अधिक नाही का,’ अशा अर्थाची पतीची समजूत प्रेमाचीच होती, तरीही ती हन्नेच्या दुःखापर्यंत पोचली नाही. मंदिरात ती ओठांतल्या ओठांत प्रार्थना करीत असता याजक एलीला वाटले की, ही स्त्री मद्य प्याली आहे. पती समजूत घालतो, याजक दोष देतो, आणि तिचे गाऱ्हाणे समजून घेतो तो केवळ देव! आम्ही धर्मगुरू आहोत. एलीची ही चूक वाचताना प्रत्येक वेळी आम्हांला त्या उंबरठ्याची आठवण होते.

बेथानीच्या घरात मार्था आणि मारिया या दोघी बहिणींनी प्रभूला, तू वेळेवर आला असतास तर आमचा भाऊ मेला नसता, असे वेगवेगळ्या वेळी पण एकाच अर्थाचे ऐकवले. प्रभूने त्यांना दटावले नाही, तो त्यांच्याबरोबर रडला. आणि ज्या पवित्र कुटुंबाचे चित्र आपल्या घराघरांत आहे, तेथेही बारा वर्षांचा येशू तीन दिवसांच्या शोधानंतर मंदिरात सापडला तेव्हा मातेने आपली व्यथा गिळून टाकली नाही. तू आमच्याशी असे का वागलास, हे तिने सरळ विचारले आणि योसेफाचेही दुःख त्यात सामील केले. पवित्र मरियेचा तो प्रश्न संत लूकने आपल्यासाठी जपून ठेवला आहे.

आता आपल्या मातीकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने मराठी आत्मसात करून ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली गोव्यातील राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यानंतर फ्रान्सिस्को वाझ दे गिमारायश या धर्मगुरूने उत्तर कोकणातील ख्रिस्ती लोकांच्या बोलीत प्रभूच्या दुःखसहनाचे पुराण लिहिले. ते १६५९ चे. त्याच्या पोर्तुगीज शीर्षकातच प्रभूच्या अतिदुःखद मरणाचा उल्लेख आहे. हे पुराण उपवासकाळात गाण्या-वाचण्याची प्रथा आपल्याकडील ख्रिस्ती घरांत पुढे दीर्घकाळ टिकून होती. त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे, स्तोत्रेही लॅटिनमध्येच म्हटली जात. सामान्य भाविकाला आपल्या बोलीत, आपल्या माणसांत बसून देवाच्या दुःखावर रडता येईल अशी जागा या पुराणाने दिली. प्रभूच्या मातेसाठी ढाळलेल्या त्या आसवांत कितीएक आयांनी आपली स्वतःची आसवे मिसळली असतील, याची कल्पना करणे कठीण नाही.

मराठी मनाला देवाशी भांडण्याचे वावडे कधीच नव्हते. क्रिस्तपुराण छापले गेले तेव्हा देहूचे तुकाराम बालवयात होते. पुढे १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांनी पत्नी आणि पुत्र गमावला. त्यांच्या अभंगांत विठ्ठलाशी जे कडाक्याचे भांडण आहे, त्याला अभक्ती म्हणण्याचे धाडस महाराष्ट्रात कोणी करीत नाही. जवळच्या माणसाशीच माणूस भांडतो. परक्यापुढे तो शिष्टाचार पाळतो. कोकणात तर देवापुढे आपली अडचण मांडण्याला ‘गाऱ्हाणे घालणे’ असा स्वतंत्र शब्दप्रयोगच आहे.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसईचा किल्ला पडला. युरोपीय धर्मसंघ येथून निघून गेले, किल्ल्यातील देवालये ओस पडली आणि थोड्या देशी धर्मगुरूंवर गावोगावच्या श्रद्धावंतांची जबाबदारी येऊन पडली. सत्ता गेली, परंतु येथला ख्रिस्ती शेतकरी, कोळी, वाडवळ, सामवेदी आपल्या श्रद्धेसह येथेच राहिला. धर्मगुरूंची वानवा असताना ती श्रद्धा कोठे जगली असेल? आमचे अनुमान असे की, ती घरातील अल्तारापुढे आणि वाडीतील क्रुसापाशी जगली.

क्रुसांची गोष्ट निघाली म्हणून प्लेगचे दिवस आठवतात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात प्लेगचा रोगी प्रथम ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. हे मूळचे गोव्याचे. साथ वेगाने पसरली. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगाचा कायदा केला, घरांची झडती होऊ लागली, रोगी कुटुंबांपासून वेगळे काढले जाऊ लागले. रोगाइतकीच लोकांना या ताटातुटीची धास्ती होती. त्या वेळी वांद्रे आणि मुंबईच्या इतर गावठाणांतील ख्रिस्ती कुटुंबांनी रस्त्यांच्या कडेला, अंगणांच्या तोंडाशी क्रूस उभारले आणि तेथे एकत्र जमून रोझरी म्हणण्यास प्रारंभ केला. ते ‘प्लेग क्रूस’ म्हणूनच ओळखले जातात आणि त्यांतील कित्येक आजही उभे आहेत. त्यांच्याजवळून जाताना आपण सवयीने क्रुसाची खूण करतो. परंतु त्या दगडांत काय साठले आहे? आज आपल्या घरी काय होणार, ही धास्ती घेऊन शेजारीपाजारी तेथे उभे राहिले. भय घरात कोंडून न ठेवता त्यांनी ते उघड्यावर, देवासमोर आणि एकमेकांसमोर आणले. रोझरीचे शब्द नित्याचेच होते, मात्र ते म्हणणाऱ्या कुणालाही आपण घाबरलेलो नाही असे सोंग आणावे लागले नाही.

मग हे धैर्य आपण कोठे हरवले? केवळ प्रापंचिकांना दोष देऊन चालणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर दैनिक प्रार्थनाविधीचे नवे पुस्तक १९७१ साली आले, तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही तीन शापवचनांची स्तोत्रे त्यातून गाळण्यात आली. आणखी काही स्तोत्रांतील कठोर ओळीही वगळल्या गेल्या. त्या म्हणताना मनाला अडचण होते, असे कारण देण्यात आले. गमतीची गोष्ट अशी की, अशी स्तोत्रे नव्या करारातील प्रार्थनेतही आढळतात, हे त्याच सूचनांत मान्य केलेले आहे. ख्रिस्तसभेच्या या निर्णयामागील काळजी आम्ही जाणतो. वैऱ्याला क्षमा करण्यास शिकवणाऱ्या प्रभूच्या शिष्यांनी शापवचने सहज उच्चारू नयेत हे योग्यच आहे. तथापि, सेमिनरीत असताना ती स्तोत्रे आम्ही प्रथम स्वतंत्रपणे वाचली, तेव्हा मनात आले की ज्याने आपला सूड देवाच्या हवाली केला, त्याने निदान तो स्वतःच्या हातून काढून तरी टाकला. गिळलेला संताप कोठे जातो? आमच्या अनुभवाप्रमाणे तो बहुधा मुलांवर, सुनेवर किंवा दारूच्या बाटलीकडे जातो.

दुःख आणि निराशा कुटुंबाच्या प्रार्थनेत आणावी, ही काही आमचीच कल्पना नाही. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘फामिलियारिस कोन्सोर्सियो’ या प्रबोधनात सांगितले आहे की, कौटुंबिक प्रार्थनेचा विषय स्वतः कुटुंबाचे जीवन हाच होय, आणि त्यात त्यांनी आनंदाबरोबर दुःख, आशेबरोबर निराशा, ताटातूट आणि प्रियजनांचा मृत्यू यांचाही समावेश केला आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात कुटुंबाने दररोज काही मिनिटे एकत्र येऊन आपल्या चिंता देवाला सांगाव्यात, असा साधा उपदेश केला आहे.

वाचकहो, हे घरात कसे घडावे, याविषयी दोन शब्द. रोझरी सोडावी असे आमचे मुळीच म्हणणे नाही. रोझरीतच दुःखाची पाच रहस्ये आहेत आणि गेथशेमानी बागेतील प्रभूच्या भयापासून त्यांचा आरंभ होतो. त्या पहिल्या रहस्यापूर्वी क्षणभर थांबावे. ज्याला वाटेल त्याने एका वाक्यात आपले ओझे मांडावे. ‘देवा, माझी नोकरी गेली, मला लाज वाटते.’ ‘देवा, बाबा आजारी आहेत, मला भीती वाटते.’ इतरांनी ते ऐकावे. ‘असं बोलू नये’ म्हणून दुरुस्ती करू नये, ‘देवाची इच्छा’ म्हणून झाकण घालू नये. एलकानाप्रमाणे समजूत घालण्याचा मोह टाळावा. मग पुढील दशक त्या ओझ्यासाठी म्हणावे.

एक पथ्य मात्र सांभाळावे. ‘देवा, आमच्या ह्याला सुबुद्धी दे’ असे मुलासमोर मोठ्याने म्हणणे म्हणजे प्रार्थना नव्हे, ती हात जोडून केलेली कानउघाडणी होय! प्रत्येकाने आपले दुःख मांडावे, दुसऱ्याचे पाप नव्हे. आणि ज्या घरात मारहाण आहे, व्यसन आहे, किंवा मन आजारी पडले आहे, तेथे प्रार्थनेबरोबरच डॉक्टर, समुपदेशक आणि प्रसंगी कायदा यांचीही मदत घ्यावी. देवापुढे खरे बोलणाऱ्याने माणसांपुढेही खरे बोलण्यास कचरू नये.

गाऱ्हाण्याची ही गरज आपल्या काळातही सरलेली नाही. २०२० आणि २०२१ या वर्षांतील महामारीने कितीतरी कुटुंबांकडून अखेरच्या निरोपाचा हक्कही हिरावून घेतला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये, गणेश चतुर्थीच्या आदल्या मध्यरात्री, विरार पूर्वेला चार मजली इमारतीचा भाग कोसळला आणि सतरा जणांचा मृत्यू झाला. बेघर झालेल्या कुटुंबांची तात्पुरती सोय चंदनसारच्या समाजमंदिरात करण्यात आली. दुःखाला धर्मग्रामाची सीमा नसते. अशा वेळी ‘का?’ हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या माणसाच्या ओठी येतो, आणि घाईने त्याचे उत्तर देणारा मनुष्य, मग तो धर्मगुरू का असेना, ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीला जाऊन बसतो. त्या ग्रंथाच्या अखेरीस देवाने बोल लावला तो देवाची बाजू सावरणाऱ्या त्या मित्रांना. तक्रार करणारा ईयोब मात्र यथार्थ बोलला, असा निर्वाळा त्याने दिला.

काही दिवसांनी आम्ही पुन्हा त्या माउलीच्या घरी गेलो. रोझरीपूर्वी आम्ही तिला म्हणालो, ‘‘बाई, त्या दिवशी दारात जे विचारलंत ते आज इथं, अल्तारासमोर म्हणा. आम्ही सगळे ऐकतो.’’ बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ती बोलली. काय बोलली ते तिचे आणि देवाचे आहे, येथे लिहिण्याचे नाही. ती बोलत असता तिचा नवरा, ज्याच्या डोळ्याला आम्ही कधी पाणी पाहिले नव्हते, भिंतीकडे तोंड करून रडत होता. धाकट्या मुलीने उठून त्याचा हात धरला. मेणबत्ती अर्धी जळून गेली होती, आणि रोझरी अजून सुरू व्हायची होती.